साहेब म्हणतात, राजीनामा दे आणि कॉन्ट्रॅक्ट घे

“आक्का, वय ३४. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) डिझाइनला आहे, ९ वर्षं ४ महिने झाले. हातात ४२ हजार येतात. संध्याकाळी उद्यमनगरातल्या दोन पॅटर्नवाल्यांना (ओतकामाच्या साच्यासाठी नमुने बनवणाऱ्यांना) कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेलं करून देतो, त्याचे महिन्याला १०-१२ हजार सुटतात. आता साहेबच म्हणतात, राजीनामा दे, हेच काम कॉन्ट्रॅक्टवर कर, ६० हजार देतो. बायको म्हणते, घ्या. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी सहावीत होतो. ते म्हणतात, पर्मनंट सोडू नकोस. त्यांची अँजिओप्लास्टी झालीय. काय करू? अरे-तुरे केलंत तरी चालेल.”

अरे-तुरेच करते. तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकात गुंतलेत. स्वतःचं काम करावं का, हा एक. साहेब देतायत ते कॉन्ट्रॅक्ट घ्यावं का, हा दुसरा. पहिल्याला माझं उत्तर हो. दुसऱ्याला, या घडीला तरी, नाही.

आधी साहेबांचे ६० हजार मोडून बघू. बेसिक तू लिहिलं नाहीस, २५ हजार धरते. कंपनी पीएफला १२ टक्के घालते, ते ३ हजार. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळते ती एकरकमी रक्कम, वर्षाला १५ दिवसांच्या पगाराची. महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणजे २५ हजार भागिले २६ गुणिले १५, १४,४२३ रुपये. महिन्याला १,२०० पडले. पुढं दिवाळीचा बोनस, भरपगारी रजा. कॅडचं, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स आज कंपनीचं आहे, स्वतःच्या नावावर घ्यायला गेलास की कळेल. (फुकटचं कुठून मिळतं ते मला सांगू नकोस.) वडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असतील, तर नवीन पॉलिसीत जुन्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबवतात. त्याच विमा कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरीत असतानाच विचार. वरचे १८ हजार दिसतात तेवढे नाहीत रे.

आणि बदललं काय? तेच गेट, तीच खुर्ची, तेच साहेब. गिऱ्हाईक एकच असेल तर त्याला धंदा म्हणत नाहीत, ती पीएफ नसलेली नोकरी. साहेब वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ऑर्डरी कमी झाल्या की कॉन्ट्रॅक्टवाल्याला ‘पुढच्या महिन्यापासून नको’ म्हणणं सोपं जातं, एवढंच.

आमचं उद्यमनगरात लेथचं जॉबवर्क होतं, वह्या मी लिहायचे, म्हणून बोलते. काम कधी कमी पडलं नाही, पडला तो पैसा. एका पार्टीनं आमची तीन महिन्यांची बिलं अडकवली आणि पुढं तुकड्या-तुकड्यानं दिली. कामगारांचा पगार मात्र सात तारखेलाच. एकदा तर माझ्या पाटल्या गहाण पडल्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं. तयार माल अलीकडं, गिऱ्हाईक पलीकडं! तुझा पगार त्या महिन्यातही झाला असेल. आमच्या वहीत ते पान कोरं आहे.

आता कायदा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, फुकट होते, ती करून ठेव. मग लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. एप्रिल २०२४ पासून तर मुदत टळली की, ज्या वर्षी पैसे खरोखर दिले त्याच वर्षीच्या आयकरात देणाऱ्याला तो खर्च धरता येतो. पण एकच गिऱ्हाईक असलेला माणूस त्याच्यावर तक्रार करेल का? मी तरी केली नसती.

म्हणून आठ महिने थांब. पीएफच्या पासबुकात पेन्शनचा कॉलम भरलेला असेल, तर दहा वर्षं पूर्ण झाल्यावर ५८ व्या वर्षी मासिक पेन्शनचा हक्क लागतो. इतक्या जवळ येऊन सोडतोस कशाला? तोवर गोकुळ शिरगाव, कागल, जमलं तर बेळगाव, अशी आणखी दोन गिऱ्हाइकं जोड. पैसे किती दिवसांनी आले ते प्रत्येकापुढं लिहीत जा, रेटपेक्षा तो आकडा महत्त्वाचा. घरासाठी कर्ज काढायचं मनात असेल तर सॅलरी स्लिप आहे तोवर काढ. नंतर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागत बसते.

वडिलांचं तुला कोडं पडलं असेल. पर्मनंट म्हणवणारी गिरणी त्यांच्या डोळ्यांदेखत बंद पडली, तरी ते पर्मनंटच म्हणतात. मला त्यात नवल वाटत नाही. घरात एकाच ठिकाणाहून पैसा यायचा आणि तो एका दिवसात थांबला, हे त्यांनी सोसलंय. साहेबांच्या कॉन्ट्रॅक्टातही नेमकं तेच आहे. चार गिऱ्हाइकांची वही त्यांच्यापुढं ठेव आणि मग विषय काढ.

साहेबांना ‘नाही’ म्हणू नकोस. म्हण, दोन वर्षांचं लेखी द्या, ३० दिवसांत बिल द्या, बाहेरची कामं करायची मोकळीक द्या, आणि ७५ हजार. ‘बघू’ म्हणाले तर काय समजायचं ते तुला सांगायला नको, तू कोल्हापूरचाच आहेस.

आणि हो, अपॉइंटमेंट लेटर काढून वाच. बाहेरचं काम चालतं का, त्यात लिहिलेलं असतं. संध्याकाळची मॉडेलं कंपनीच्या लॅपटॉपवर करत असशील, तर ते मात्र आज रात्रीपासून बंद.

तुझी,
आक्का