‘लिंगनिदान’ की ‘लिंगनिश्चिती’?

प्रश्न असा आला आहे: ‘उंदराच्या साडेअकरा दिवसांच्या भ्रूणाचे लिंगनिदान एसआरवाय जनुक करते’ हे वाक्य बरोबर आहे का?

नाही. निदान करायला पाहणारा लागतो. जनुक लिंग ओळखत नाही, ठरवते. गंमत म्हणजे ‘निदान’चा जुना अर्थ मूळ कारण असाच आहे, आयुर्वेदाच्या निदानपंचकातले पहिले ‘निदान’ म्हणजे रोगाचा हेतू. त्या अर्थाने वाक्य खपलेही असते, पण आज ‘लिंगनिदान’ म्हटले की तपासणीच डोळ्यांपुढे येते.

घडते ते असे. दहा-साडेदहा दिवसांपर्यंत नर-मादी दोघांची जननग्रंथी सारखीच असते. मग वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय जागे होते, साडेअकराव्या दिवसाच्या आसपास शिखर गाठते आणि साडेबाराव्या दिवसाच्या सुमारास थंडावते. तेवढ्यात त्याने सॉक्स-९ या दुसऱ्या जनुकाला चेतवले की ग्रंथीतल्या आधारपेशी सर्टोली पेशी, म्हणजे वृषण घडवणाऱ्या पेशी, होतात. ही लिंगनिश्चिती. त्यानंतर वृषणाच्या नलिका आखल्या जाणे, संप्रेरके सुटणे, म्युलेरियन नलिका (मादीत जिचे गर्भाशय होते ती) विरणे हे सगळे लिंगविभेदन. एसआरवायला उशीर झाला तर ग्रंथी अर्धी वृषण, अर्धी अंडाशय अशीही होते.

निदान मात्र आपले काम. साडेबाराव्या दिवसापासून सूक्ष्मदर्शकाखाली वृषणावर पट्टे दिसतात, अंडाशयावर नाहीत. त्याआधी शेपटीच्या तुकड्यावर पीसीआर, म्हणजे डीएनएचा हवा तो भाग अनेकपट वाढवून शोधणारी चाचणी, करावी लागते. सोबत लिंगगुणसूत्रांबाहेरच्या एखाद्या जनुकाची पट्टी (चाचणी चालल्याची खूण) हवीच. नाहीतर फसलेली अभिक्रिया ‘मादी’ म्हणून नोंदली जाते. चिमटा न धुता पुढचे भ्रूण उचलले, तर भावाच्या रक्ताने बहीण ‘नर’ ठरते. वयही नीट मोजावे: योनीत समागमानंतरचे (घट्ट झालेल्या वीर्याचे) बूच दिसले त्या दिवसाची दुपार म्हणजे ०.५ दिवस. एका विणीतली भ्रूणेही काही तासांनी पुढेमागे असतात, म्हणून शेपटीचे सोमाइट (कण्यालगतचे पेशींचे खंड) मोजतात. साडेअकरा दिवसांना साधारण १८.

हे दोन शब्द वेगळे ठेवायचे ते अशा उदाहरणांसाठी. १९९१ साली लंडनमध्ये एसआरवाय असलेला सुमारे १४ हजार बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) तुकडा एक्सएक्स, म्हणजे मादीची गुणसूत्रे असलेल्या, भ्रूणात घातला, तर उंदीर नर झाला. २०१८ मध्ये सॉक्स-९ पासून दूर असलेला ५५७ बेसजोड्यांचा, त्याला चालू करणारा एक नियामक तुकडा काढला, तर एक्सवाय (नराची गुणसूत्रे असलेले) उंदीर मादी झाले. दुसऱ्या प्रयोगात नुसत्या एसआरवायच्या पीसीआरने ‘नर’ असे निदान निघाले असते. म्हणजे निश्चिती एक, निदान दुसरेच!

‘लिंगनिर्धारण’ही चालेल, पण ‘करनिर्धारण’सारखे ते कोणीतरी बाहेरून केलेले वाटते, ‘निश्चिती’ही ‘वेतननिश्चिती’मुळे या दोषातून पुरती सुटत नाही. शंका असेल तिथे नाम सोडून क्रियापद धरावे: ‘साडेअकराव्या दिवसाच्या सुमारास एसआरवायमुळे नर ठरतो, त्या वयाच्या भ्रूणांचे लिंग पीसीआरने ओळखले.’