‘पुरस्कृत’ आणि पडदा

रामबागेतल्या एका वाचकांनी विचारलंय: मंडळात ‘जाने भी दो यारों’ दाखवणार आहोत, फलकावर ‘राष्ट्रीय पुरस्कृत अभिजात विनोदी चित्रपट’ असं लिहिलं तर चालेल का?

‘पुरस्कृत’ चालणार नाही. आपण इंदूरकर रोज हिंदी पेपर वाचतो, म्हणून ते कानाला खटकत नाही एवढंच. मराठीत पुरस्कृत म्हणजे पाठबळ दिलेला. पक्षपुरस्कृत उमेदवार, केंद्रपुरस्कृत योजना. त्या उमेदवाराला कुणी ढाल दिलेली नसते, उलट अनामत जायची भीती असते. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारे महर्षी कर्वे काही चषक वाटत फिरत नव्हते. तेव्हा ‘राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त’ लिहा आणि मोकळे व्हा.

गंमत अशी की हा चित्रपट मराठी अर्थानेही पुरस्कृत आहेच! पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा. म्हणजे १९८३ साली पडद्यावर येण्याआधीच तो पुरस्कृत होता. दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार कुंदन शाह यांना मागाहून मिळाला. तुमच्या फलकावरून यातलं नेमकं काय समजायचं?

इथल्याच एका निवृत्त संस्कृत मास्तरांनी मागे मला सुनावलं होतं की संस्कृतात पुरस्कृतचा अर्थ ‘सन्मानित’ असाही होतो. होतो ना! संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणंसुद्धा. मग एखाद्या पुणेरी पाहुण्याला ‘आपली शिक्षा कुठे झाली?’ असं विचारून बघा. मास्तरांनी कोश उघडला, मी निवडणुकीचं पत्रक पुढे केलं. अजून बोलत नाहीत.

पण खरी मजा आहे ती ‘पुरस्’मध्ये. पुरस् म्हणजे समोर. समोर ठेवलेला तो पुरोहित. ‘हेतुपुरस्सर’मध्येही तोच बसलाय. आणि पुरस्काराचा जुळा भाऊ कोण? तिरस्कार! तिरस् म्हणजे आड. तिरस्कार म्हणजे मुळात आड करणं, झाकणं. म्हणून संस्कृतात पडद्याला तिरस्करिणी म्हणतात. कुमारसंभवात हिमालयातल्या गुहांच्या दारांवर ढगच तिरस्करिणी होऊन लोंबतात. आता माझं मत ऐका, मास्तर कपाळाला हात लावतील तरी: ही जोडी नाटकवाल्यांचीच असणार. पडद्याआड ठेवला तो तिरस्कृत, पडद्यापुढे आणला तो पुरस्कृत. बक्षीस फारसीतून आलं, ते वरून खाली पडतं. पारितोषिकात देणाऱ्याचा परितोष असतो. पुरस्कारात मात्र देण्याघेण्याचा संबंधच नाही, माणसाला नुसतं पुढे ढकलायचं.

याच चित्रपटाचा शेवट आठवा. खून झालेल्या आयुक्त डिमेलोचं प्रेत लपवता लपवता थेट महाभारताच्या रंगमंचावर येतं, तेही द्रौपदीच्या वेषात! तिरस्कृताचा याहून जंगी पुरस्कार मी तरी पाहिलेला नाही. रवि बासवानींना विनोदी भूमिकेसाठी फिल्मफेअरची बाहुली मिळाली ती वेगळी. आणि २०१२ साली जुनी प्रत दुरुस्त करून चित्रपट पुन्हा चित्रगृहांत लागला, तो माझ्या व्याख्येत पुरस्कारच. समारंभ नाही, शाल नाही, नुसतं लोकांसमोर आणणं.

हां, ‘अभिजात’चं राहिलंच. राहू द्या तो शब्द. प्रवेश फुकट आहे का, ते मात्र मोठ्या अक्षरात लिहा.