सी प्रोग्राममध्ये न्यूयॉर्कची वेळ भारतीय वेळेत कशी बदलायची? लिनक्स आणि विंडोज दोन्हीवर चालायला हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की न्यूयॉर्कच्या ऑफिसकडून तारीख आणि तिथली वेळ असलेली फाइल येते, तुमचा सी प्रोग्राम त्यात साडेनऊ तास मिळवून भारतीय वेळ दाखवतो, नोव्हेंबर लागला की सगळं एक तासाने चुकायला लागतं आणि उपाय लिनक्स-विंडोज दोन्हीवर चालणारा हवाय. (फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहितेय, कोणती ते तुम्हाला कळेलच.)

नुसत्या स्टँडर्ड सी मध्ये हे होत नाही. सी ला दोनच झोन माहीत आहेत, एक यूटीसी (जगभराची प्रमाण वेळ) आणि दुसरा मशीनवर जो सेट केलाय तो. जीएमटाइम पहिल्यासाठी, लोकलटाइम आणि एमकेटाइम दुसऱ्यासाठी, संपलं. 'ही वेळ न्यूयॉर्कची समज' असं सांगायला फंक्शनच नाही, सी२३ या नव्या स्टँडर्डमध्येसुद्धा आलेलं नाही. म्हणजे न्यूयॉर्कचे नियम बाहेरून आणावे लागणार, आणि ते कुठून आणायचे एवढाच खरा प्रश्न आहे.

आता तुम्ही म्हणाल की महिना बघून एक इफ टाकतो, उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. नका टाकू. अमेरिका डेलाइट सेव्हिंगसाठी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे, पण हा नियम २००७ पासूनचा आहे, त्याआधी एप्रिल ते ऑक्टोबर असं होतं, त्यामुळे जुना डेटा आला की तुमचा इफ गंडणार. उद्या लंडनचं ऑफिस जोडलं की तिथे मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार, म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क-लंडन अंतर पाचऐवजी चारच तास असतं. असे इफ वाढत जातात आणि मग त्या फाइलला हात लावायला कोणी तयार होत नाही.

बरं, यातला अर्धा भाग मात्र फार सोपा आहे. एकदा यूटीसीतला टाइम_टी (सी मध्ये वेळ आकड्यात साठवायचा प्रकार) हातात आला की भारतीय वेळ काढायला लायब्ररी लागत नाही, १९८०० सेकंद मिळवा (म्हणजे साडेपाच तास) आणि जीएमटाइमला द्या. स्टँडर्ड तसं म्हणायला टाइम_टी सेकंदातच असेल असंही वचन देत नाही, पण लिनक्स आणि विंडोज दोन्हीवर ते १९७० पासूनचे सेकंदच असतात, तेव्हा बिनधास्त करा. अवघड आहे तो न्यूयॉर्ककडून यूटीसीकडे येण्याचा भाग.

तुमचा प्रोग्राम एका थ्रेडचा असेल आणि फक्त न्यूयॉर्कच हवं असेल तर आजच्या आज चालेल असा जुगाड सांगते. मेनच्या अगदी सुरुवातीला टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (लोकल झोन कोणता ते सी ला यावरून कळतं) 'ईएसटी५ईडीटी', म्हणजे न्यूयॉर्कचा झोन, असं करा, लिनक्सवर सेटएन्व्ह आणि टीझेडसेट, विंडोजवर त्यांचीच अंडरस्कोरवाली भावंडं, _पुटएन्व्ह_एस आणि _टीझेडसेट. मग आलेली वेळ स्ट्रक्ट टीएम मध्ये भरा, आयएसडीएसटी फील्ड न विसरता उणे एक करा (म्हणजे डेलाइट सेव्हिंग आहे का ते तूच ठरव, असं एमकेटाइमला सांगणं झालं, शून्य ठेवलंत तर उन्हाळ्यात तासाची चूक पक्की), एमकेटाइम बोलवा, उत्तरात १९८०० मिळवा, जीएमटाइम. लिनक्सला हे नाव कळतं आणि विंडोजचा सी रनटाइम डेलाइट सेव्हिंगसाठी अमेरिकेचेच नियम गृहीत धरतो, त्यामुळे योगायोगाने दोन्हीकडे उत्तर बरोबर येतं. योगायोगाने म्हणतेय कारण लंडनला हीच युक्ती विंडोजवर मार खाते, तिथेही तो अमेरिकन तारखाच लावतो.

पण या युक्तीची खरी अडचण वेगळीच आहे. टीझेड हे अख्ख्या प्रोसेसचं असतं. एकत्र कुटुंबात भिंतीवर एकच घड्याळ आहे आणि एकाला न्यूयॉर्कची वेळ बघायची म्हणून तो काटे फिरवतो, बाकीचे त्याच घड्याळावर शाळा-ऑफिस गाठतायत, तसला प्रकार. तुमच्या लॉग फाइलमध्ये लोकलटाइम वापरला असेल तर तिथेही न्यूयॉर्कच उमटणार. मल्टिथ्रेडेड प्रोग्राममध्ये तर दर वेळी टीझेड बदलून परत पूर्ववत करणं हा विचारही नको, एक थ्रेड सेटएन्व्ह करतोय आणि दुसरा त्याच वेळी गेटएन्व्ह, यात प्रोग्राम क्रॅशसुद्धा होतो. आणि असला क्रॅश टेस्टिंगमध्ये सापडत नाही, प्रॉडक्शनमध्ये रात्री सापडतो.

टीझेडचे आणखी दोन चावे. एक, चिन्ह उलटं असतं. भारतासाठी 'आयएसटी-५:३०' लिहायचं, उणे, कारण पॉझिक्समध्ये (युनिक्स-लिनक्सच्या स्टँडर्डमध्ये) तो आकडा यूटीसी मिळवण्यासाठी किती मिळवायचे ते सांगतो. अधिक लिहिलंत तर थेट अकरा तासांनी चुकाल. दुसरं, चुकीच्या नावाला कोणी हरकत घेत नाही. ग्लिबसीवर (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) 'एशिया/पुणे' देऊन डेट कमांड चालवून बघा, असा झोनच नाही तरी एरर नाही, गुपचूप यूटीसी दाखवतो आणि झोनच्या जागी 'एशिया' छापतो. अल्पाइन लिनक्सच्या डॉकर इमेजमध्ये टीझेडडेटा पॅकेज टाकलेलं नसतं, तिथे तर 'एशिया/कोलकाता' असं अगदी बरोबर लिहूनही यूटीसीच मिळतं. विंडोजच्या रनटाइमला असली नावं कळतच नाहीत, विंडोजचं नाव 'इंडिया स्टँडर्ड टाइम', आणि न्यूयॉर्कसाठी 'ईस्टर्न स्टँडर्ड टाइम', भर उन्हाळ्यातही स्टँडर्डच.

आता पक्का उपाय. आयएएनए ही संस्था जो टाइम झोन डेटाबेस सांभाळते त्याच्याबरोबर टीझेडकोड नावाचा सी कोड येतो, बहुतेक सगळा पब्लिक डोमेनमध्ये आहे. त्यात टीझेडअलॉक, लोकलटाइम_आरझेड, एमकेटाइम_झेड आणि टीझेडफ्री अशी नेटबीएसडीच्या धर्तीवरची फंक्शन्स आहेत. टीझेडअलॉकला 'अमेरिका/न्यू_यॉर्क' दिलं की झोनचा एक पॉइंटर मिळतो, तो एमकेटाइम_झेडला द्या, टाइम_टी आला, कोलकाताचा पॉइंटर लोकलटाइम_आरझेडला द्या, भारतीय वेळ आली. टीझेड व्हेरिएबलला हात लावायचा नाही, लॉगचा झोन बदलत नाही, थ्रेडची भानगड नाही. मी हाच कोड प्रोजेक्टमध्ये सामील करून दोन्हीकडे कंपाइल करते, विंडोजवर थोडी डागडुजी लागते पण एकदाच. नूलिबमध्येही (ग्नूचा तयार सी कोड) याच नावाची फंक्शन्स मिळतील, पण ती आतून टीझेडच बदलतात, म्हणजे पुन्हा तेच घड्याळ, तेव्हा थ्रेड असतील तर ती घेऊ नका.

डेटा फाइलही बरोबर द्या. लिनक्सच्या झोनइन्फो फोल्डरमधल्या बायनरी फाइल्स बिग-एंडियन ठरलेल्या असतात (बाइट्सचा क्रम सगळीकडे एकच), त्यामुळे लिनक्सवर बनवलेली फाइल विंडोजवर जशीच्या तशी वाचता येते. फक्त त्या एक्झीमध्ये कोंबून विसरून जाऊ नका, वर्षातून काही वेळा नवी आवृत्ती येते, फोल्डर बदलता यायला हवं. आणि कोणी उत्साही सहकारी 'ही फाइल वाचणारं मीच लिहितो' म्हणाला तर त्याला एवढं सांगा की २०२०बी आवृत्तीपासून या फाइल्स डिफॉल्टने बारीक बनतात, न्यूयॉर्कच्या फाइलमध्ये २००७ पर्यंतचेच बदल लिहिलेले असतात आणि पुढचं सगळं शेवटच्या एका ओळीतल्या नियमावर चालतं. ती ओळ वाचली नाही तर २००७ नंतर डेलाइट सेव्हिंग गायब.

हे सगळं जड वाटत असेल तर आयसीयू ही लायब्ररी आहे, विंडोज १० मध्ये ते आतच येतं, लिनक्सवर पॅकेज आहे, सी मधून वापरता येतं, फक्त यूटीएफ-१६ स्ट्रिंगचा थोडा वैताग. किंवा प्रोजेक्टमध्ये एक फाइल सी++२० ची चालणार असेल तर त्यातल्या क्रोनो लायब्ररीत झोन आहेत, वर एक्स्टर्न सी चं पातळ आवरण घाला, मोकळे व्हा.

आता एक गोष्ट जी कोणतीच लायब्ररी तुमच्यासाठी ठरवणार नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा दीड दोनदा वाजला. पहिला दीड म्हणजे आपले सकाळचे ११, दुसरा दीड म्हणजे आपले दुपारचे १२. फाइलमध्ये नुसतं '१:३०' आलं तर दोन्ही बरोबर, आणि आयएसडीएसटी उणे एक असेल तर लायब्ररी त्यातलं कुठलंही एक उचलते. उलट ९ मार्च २०२५ ला रात्रीचे अडीच वाजलेच नाहीत, तरी एमकेटाइम एरर देत नाही, कुणी साडेतीन करून देतं, कुणी दीड. ही वेळ पकडायची असेल तर एमकेटाइमनंतर टीएममधले तास-मिनिटं तुम्ही भरलेल्यांशी ताडून बघा, बदलले असतील तर ती वेळ अस्तित्वातच नव्हती.

म्हणून न्यूयॉर्कवाल्यांना वेळेपुढे ऑफसेट लिहायला सांगता आलं तर बघाच, '-०४:००' एवढंच. मग वरचं काहीच लागत नाही, एसस्कॅनएफने आकडे वाचा आणि यूटीसी स्वतः काढा. टीएमची वेळ यूटीसी धरून टाइम_टी करणारं टाइमजीएम सी२३ मध्ये आलं, ग्लिबसी आणि मॅकवर आधीपासून आहे, विंडोजवर _एमकेजीएमटाइम. कुठलंच नको असेल तर गणित हे: जानेवारी-फेब्रुवारी आधीच्या वर्षात ढकला, येणारं वर्ष व आणि मार्चला शून्य धरून महिना म, मग दिवस = ३६५×व + व/४ − व/१०० + व/४०० + (१५३×म + २)/५ + तारीख − १ − ७१९४६८, सगळे भागाकार पूर्णांकी. १ जानेवारी १९७० टाकून बघा (व १९६९, म १०), शून्य येतं. दिवस गुणिले ८६४००, अधिक वेळेचे सेकंद, वजा ऑफसेट.

साठवताना घडून गेलेल्या गोष्टी यूटीसीत ठेवा. पुढच्या वर्षीची मीटिंग मात्र तिथली वेळ आणि झोनचं नाव असंच ठेवा, कारण सरकारं नियम बदलतात, इजिप्तने २०२३ मध्ये काही वर्षं बंद असलेलं डेलाइट सेव्हिंग पुन्हा सुरू केलंच की. जन्मतारखा तर टाइम_टी मध्ये घालूच नका. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही घड्याळं यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती, डेटाबेसला ते माहीत आहे, त्यामुळे १९४३ चा जन्म 'एशिया/कोलकाता'ने मध्यरात्र धरून साठवला आणि वाचताना माझ्या १९८०० च्या युक्तीने वाचला तर आदल्या दिवशीचे रात्रीचे ११ येतात, आजोबा एक दिवसाने मोठे.

तपासायला या वेळा घ्या: १ जुलै २०२५ न्यूयॉर्क सकाळी ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६:३०, १५ जानेवारी २०२५ सकाळी ९ म्हणजे ७:३०, ३१ डिसेंबर २०२५ दुपारी ३ म्हणजे १ जानेवारी २०२६ रात्री १:३०. आणि कुठे ३२ बिट लिनक्स असेल तर १९ जानेवारी २०३८ आपल्या सकाळी ८:४४:०७ च्या पुढचा एक सेकंदही टाकून बघा, आकडा १९०१ मध्ये गेला तर ग्लिबसी २.३४ किंवा पुढचं घेऊन _टाइम_बिट्स आणि _फाइल_ऑफसेट_बिट्स दोन्ही ६४ करून सगळं परत कंपाइल करा.