चुंबक आर्क विझवतो, मग स्पटरिंगमध्ये तोच चुंबक डिस्चार्ज टिकवतो कसा?

दोन्ही खरं आहे. फरक वायूच्या दाबाचा. डिस्चार्ज म्हणजे वायूतून वाहणारी वीज, आर्क म्हणजे करंट तोडताना कॉन्टॅक्टमध्ये पेटून राहणारी तिची ज्योत. स्पटरिंग म्हणजे वायूच्या आयनांचा मारा करून एका धातूचे अणू उडवायचे आणि त्यांचा पातळ थर दुसऱ्या वस्तूवर चढवायचा. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटच्या) पॅनेलची कामं करतो, म्हणून आधी विझवण्याबद्दल.

साध्या हवेत इलेक्ट्रॉन पावलोपावली रेणूंवर आदळतो. चुंबकामुळे गिरक्या घ्यायला त्याला सवडच मिळत नाही. चुंबकाचा बसलेला धक्का टकरींमधून वायूला लागतो आणि अख्खा आर्क बाजूला सरकतो. हे हम्फ्री डेव्हीने १८२१ सालीच दाखवलं होतं.

वापरलेल्या डीसी कॉन्टॅक्टरचं (मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) आर्क शूट, म्हणजे आर्क विझवायचा कप्पा, उघडून बघा. आत लोखंडी पत्र्यांची चळत, कडा काळ्या पडलेल्या, वितळलेल्या धातूचे बारीक मणी चिकटलेले. चुंबक आर्कला तिथे लोटतो. तो ताणला जातो, थंड होतो आणि पत्र्यांमध्ये त्याचे तुकडे पडतात. दर तुकड्याला साधारण २० व्होल्ट तरी लागतात. बेरीज सप्लायला झेपेनाशी झाली की आर्क विझला. आपल्या घरच्या एसी सप्लायमध्ये (दिशा बदलत राहणाऱ्या करंटमध्ये) करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, डीसीत ती आयती सोय नाही.

आर्कला लोटणारं फील्ड (चुंबकीय क्षेत्र) तयार करणारी ब्लोआउट कॉइल त्याच करंटच्या वाटेत, सिरीजमध्ये असेल तर करंट उलटला की फील्डही उलटतं, त्यामुळे धक्क्याची दिशा तीच राहते. मात्र करंट थोडा असला की फील्डही लेचंपेचं. कायम चुंबकाचं बरोबर याच्या उलट: थोड्या करंटलाही जोर पुरतो, पण दिशा चुकवून चालत नाही. अशा कॉन्टॅक्टरवरच्या प्लस-मायनसच्या खुणा शोभेच्या नाहीत! वायरी उलट लावल्या तर आर्क शूटऐवजी आतल्या बाजूला ढकलला जातो. बॅटरीच्या लाइनला, जिथे करंट दोन्हीकडे वाहतो, तिथे दोन्ही दिशांना चालणाराच कॉन्टॅक्टर घ्या. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

आता स्पटरिंग. तिथे दाब वातावरणाच्या साधारण लाखाव्या भागाइतका. चुंबक नसेल तर बरेच इलेक्ट्रॉन अणूंना फारसे न धडकताच निघून जातील. ०.०३ टेस्लाच्या फील्डमध्ये ५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन जेमतेम पाव मिलिमीटर त्रिज्येच्या गिरक्या घेत टार्गेटपाशीच (ज्या धातूचे अणू उडवायचे त्या तुकड्यापाशीच) अडकतो. वाट लांबते, तेवढे जास्त आर्गॉन अणू आयन बनतात आणि डिस्चार्ज टिकतो. आर्गॉनचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३,००० पट जड. त्याला एवढं फील्ड फारसं वळवत नाही, तो थेट टार्गेटवर आपटतो.

फील्ड जिथे पृष्ठभागाला समांतर, तिथे इलेक्ट्रॉनांची दाटी सर्वांत जास्त, म्हणून धातूही तिथेच झिजतो. जुन्या टार्गेटवर दिसणारा लंबगोल चर तो हाच. चराने तळ गाठत आणला की मध्ये आणि कडेला भरपूर धातू शिल्लक असूनही टार्गेट बदलावं लागतं.