पडवीची बारमाही खोली करताना

राजापूरकडील आपल्या कौलारू घराची पश्चिमेची आठ फूट रुंद पडवी बंद करून आईंसाठी बाराही महिने वापरता येईल अशी खोली करावी का, असे आपण विचारले आहे. जरूर करावी, मात्र आठही फूट आत घेऊ नयेत.

आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि झड नैर्ऋत्येकडून येते. ती आजवर पडवीने अंगावर घेतली, म्हणून ओटीची भिंत कोरडी राहिली. पडवीच्या कडेलाच नवी भिंत उभारली, तर ती झड थेट तिच्यावर येईल आणि पागोळ्या तिच्या पायाशी पडतील. म्हणून भिंत दोन फूट आत घ्यावी. दोनास एक उताराचे (दर दोन फुटांना एक फूट उतरणारे) छप्पर ओटीच्या भिंतीशी दहा फूट उंच असेल, तर आठ फुटांवर ते सहाच फूट उरते. सहा फुटांवर भिंत घेतल्यास तेथे सात फूट उंची मिळते आणि बाहेर दोन फुटांची वळचण राहते. ही उंची नव्या जमिनीपासून मोजावी, कारण वृद्ध माणसासाठी मधली पायरी काढून जमीन ओटीच्या पातळीवर आणावीच लागेल. भरावावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर काँक्रीट आणि मग लादी, असा क्रम ठेवावा.

गिलावा चुन्याचाच करावा, हे मी आग्रहाने सांगतो. माझ्या घरी गवंड्याच्या सल्ल्याने जांभ्या दगडाच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा केला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत पांढरा लोणा (ओलीबरोबर वर आलेला क्षार) फुलला आणि हात फिरवला की पापुद्रे तळहातावर येऊ लागले. जांभा सच्छिद्र असतो. जोत्यातून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडू शकते, सिमेंट मात्र ती कोंडून धरते. शेवटी सगळा गिलावा खरवडून चुन्याचा करावा लागला.

पडवीची पूर्ण लांबीही बंद करू नये, कारण माजघराचा उजेड आणि वारा तिच्यातूनच येतो. बारा फूट पुरेत. वाळवीसाठी वासे आधीच ठोकून पाहावेत. चुना सावकाश वाळतो, तेव्हा काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावे, आणि पहिल्या पावसाळ्यात आईंची खाट नव्या भिंतीला न टेकवता ओटीच्या भिंतीशी ठेवावी.