स्पॅनिश व्याकरणाची सुरुवात कोठून करावी?
बेळगावात आपण स्पॅनिश शिकवू लागला आहात, याचा मनापासून आनंद वाटला. पहिल्याच आठवड्यात क्रियापदांचे तक्ते फळ्यावर उतरवू नका. ही चूक मीही केली आहे. त्याऐवजी ‘मला कुंदा आवडतो, मला आंबे आवडतात’ असे लिहून शेजारी ‘मे गुस्ता एल कुंदा, मे गुस्तान लोस मांगोस’ मांडा, म्हणजे दोन्ही भाषांत क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे नव्हे, तर आवडलेल्या वस्तूप्रमाणे बदलते, हे मुलांना आपसूक उमगेल. नाम मात्र ‘एल’, ‘ला’ अशा उपपदासहच पाठ करून घ्या, कारण ‘ला मानो’, म्हणजे हात, स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आहे, आणि निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग न मानणाऱ्या कन्नडभाषक मुलांना येथे अधिक सराव लागतो. मूल बोलत असताना प्रत्येक चुकीवर अडवू नका. सब्जंक्टिव्हला, म्हणजे इच्छा, शंका व्यक्त करणाऱ्या क्रियापदरूपांना, सध्या हातच लावू नका.