घराजवळ पोल्ट्री आहे, घर घ्यावं का?

प्रश्न: ताई, आम्हाला एक घर मनापासून आवडलंय. बजेटमध्ये बसतंय, भरपूर मोकळी जागा आहे. पण मागच्या शेतापलीकडे ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे आणि तिला लागूनच गाईंचा गोठा. आम्ही बघायला गेलो ते नेहमी दुपारी, वास काहीच आला नाही. एजंट म्हणतो कुणाची तक्रार नाही, मिस्टर म्हणतात आला तरी सवय होते. सासूबाईंना दमा आहे म्हणून माझं मन होत नाहीये. काय करू?

उत्तर: टोकन अजून देऊ नका. दुपारी वास आला नाही यावरून काहीच कळत नाही हो, उन्हात जमीन तापलेली असते, हवा वर जात असते, वारा असतो, त्यामुळे वास पांगून जातो. अंधार पडला की जमीन गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, वारा पडतो आणि वास खालीच साचून राहतो, आणि उतार असेल तर ती गार हवा वासासकट उताराने खाली सरकते. म्हणून घर शेडच्या खालच्या अंगाला आहे का ते आधी बघा, आणि रात्री जेवणानंतर व पहाटे जाऊन उभे राहा, वारा नसलेल्या दिवशी.

दुसरं म्हणजे बॅच, म्हणजे एकदम आणून एकदम विकलेली पिल्लं. ब्रॉयलरची बॅच साधारण 6 आठवड्यांची असते, पिल्लं लहान असताना वास जवळजवळ नसतोच, तो वाढतो शेवटी शेवटी, आणि पक्षी गेल्यावर शेडमध्ये खाली अंथरलेलं, विष्ठा मिसळलेलं तूस उकरून बाहेर काढतात तेव्हा सगळ्यात जास्त. तुम्ही नेमक्या पिल्लांच्या दिवसांत गेला असाल तर काय कळणार? पोल्ट्रीवाल्यालाच जाऊन भेटा, बॅच कधी उचलणार विचारा आणि त्या आठवड्यात जा. मला तरी एजंटपेक्षा त्याचं उत्तर जास्त खरं वाटेल, त्याला नंतर भांडणारा शेजारी नकोच असतो.

तिथे गेलात की पक्षी किती हे विचारालच, पण पाण्याच्या निपलखाली, म्हणजे कोंबड्या चोच लावून पाणी पितात त्या तोट्यांखाली, नक्की बघा. तिथलं तूस कोरडं, भुसभुशीत असेल तर माणूस काळजी घेणारा आहे. निपल गळून ओला, चिकट थर जमला असेल तर विष्ठेतल्या युरिक ॲसिडचा अमोनिया होत राहतो, तोच डोळ्यांना झोंबतो, आणि त्याच ओल्यात माश्या होतात, उष्ण हवेत अंड्यापासून माशी व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात. गोठ्याचं शेण-मूत्र खड्ड्यात साठवत असतील तर तो कधी ढवळतात आणि शेतात कधी पसरतात तेही विचारा, ढवळताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्यासारखा. पसरल्यावर लगेच नांगरून मातीत मिसळलं तर त्रास खूप कमी होतो.

मिस्टरांचं अर्धंच खरं आहे. सतत येणाऱ्या वासाला नाक काही मिनिटांत सरावतं, पण बाहेरून घरी आलात की तो पुन्हा जाणवतोच. आणि अमोनिया श्वासनलिकेला त्रास देतो, तिथे सवयीचा काही संबंध नाही, सासूबाईंच्या डॉक्टरांना आधी विचाराच.

पुढे तक्रार करून बंद पाडू असं मात्र कुणी सांगितलं तर त्या भरवशावर घर घेऊ नका. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एका बिल्डरने आधीपासून असलेल्या मोठ्या गुरांच्या फार्मच्या दिशेने वसाहत वाढवत नेली, वास-माश्यांवरून केस झाली, 1972 मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने फार्म हलवायला सांगितला खरा पण खर्च बिल्डरवर टाकला, कारण तोच तिथे नंतर आला होता. आता तर अमेरिकेतल्या 50 ही राज्यांत आधीपासूनच्या शेतीला संरक्षण देणारे कायदे आहेत. तुमच्याकडचे नियम वकिलाकडून समजून घ्या, आणि शेड वाढवायची परवानगी मागितली आहे का तेही तपासायला सांगा.

बॅच संपताना, रात्री, अंगणात उभं राहून डोळे चुरचुरले तर हे घर सोडा, दमेकरी माणूस घरात असताना मी तरी घेणार नाही. नुसता शेणाचा हलका वास येऊन जात असेल, डॉक्टरांची हरकत नसेल आणि सासूबाई स्वतः तिथे बसून बघायला तयार असतील, तर पुढची बोलणी करायला हरकत नाही.